ओठावरची शिवण

रक्ताचा चिखल करायला फार वेळ लागत नाही. लाल काढून तपकिरी भरला की मरून पडलेला सैनिक नुसता घसरून पडल्यासारखा दिसतो. खाटकाच्या दुकानात टांगलेल्या जनावरांची मी धान्याची पोती केली. पोती आकड्याला का टांगली आहेत, हे कुणी विचारलं नाही. चौकातल्या पुतळ्याला शाल दिली, फाशीच्या झाडावर माणसांऐवजी कंदील लावले. पहारेकऱ्याच्या तोंडातली सिगारेट पुसली तेव्हा तो ओठांचा चंबू करून उभा राहिला, समोरच्या म्हातारीकडे मुका मागितल्यासारखा. ते चित्र शेरा मारून परत आलं: लहान मुलांसमोर हे चालणार नाही. मग त्या बिचाऱ्याच्या तोंडात मी शिट्टी दिली.

हे माझं काम. संगणकावरच्या जुन्या खेळांची चित्रं धुऊनपुसून नव्याने विकण्याजोगी करायची, म्हणजे खोक्यावर "वय सात आणि पुढे" असा शिक्का बसतो. सातच्या जागी बारा बसला की शाळा घेत नाहीत, आईबाप घेत नाहीत, आणि दुकानदार खोकं मागच्या फळीवर सारतो. कुठल्या चित्रावर शिक्का अडेल हे आधीच हुडकायला कंपनीने एक बाई ठेवल्या होत्या. सगळं त्यांच्यातून गाळून जायचं, म्हणून आम्ही त्यांना गाळणीबाई म्हणायचो. त्यांना हे माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

या वेळचा खेळ मात्र माझ्या घरचा होता. 'कंदीलवाला' माझ्या बाबांनी रंगवलेला, मी जन्मायच्या आधी. लढाईत ओस पडलेलं एक शहर, त्यात कंदील घेऊन फिरणारा एक माणूस, आणि तो जिथे जिथे जाईल त्या प्रत्येक जागेचं बाबांनी हाताने काढलेलं चित्र. त्या काळी पोरं या खेळापायी जेवणंखाणं विसरायची. आता त्याच पोरांची पोटं सुटली आहेत, आणि त्यांना तो आपल्या मुलांना मांडीवर घेऊन खेळायचा आहे.

प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक मुलगी आहे. सहाएक वर्षांची, पिवळ्या फ्रॉकमधली. कधी विहिरीपाशी, कधी पडक्या जिन्यावर, कधी खाटकाच्या दारात. ती बोलत नाही, काही देत नाही, तिच्यामुळे खेळात काहीच पुढे जात नाही. खेळणाऱ्यांनी तिच्यावर नाही नाही ते तर्क लढवले. कुणी म्हणे ती भूत आहे, कुणी म्हणे तिला अमुक वेळा भेटलं की गुप्त दार उघडतं. दार कधी कुणाला सापडलं नाही. तिचं नाव मात्र पडलं, कोपऱ्यातली मुलगी. ती माझी ताई.

ताईचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. तान्ही असतानाच तो शिवला, पण शिवण राहिली. नाकपुडीपासून ओठापर्यंत, किंचित डावीकडे झुकलेली. सहा वर्षांची असताना ती पावाच्या दुकानासमोरून हरवली. आई आत सुट्टे पैसे मोजत होती, ताई बाहेर पायरीवर उभी होती, आणि आई बाहेर आली तेव्हा पायरी रिकामी होती. बाबा तेव्हा 'कंदीलवाला'ची चित्रं काढत होते. अर्धी झाली होती. उरलेल्या अर्ध्यांत त्यांनी ताईला काढलं, आणि मग आधीची परत मागवून त्यांतही काढलं. त्यांचा हिशोब सरळ होता. ती कुठेतरी वाढेल, वाढेल तिथे कुणाच्या तरी घरी हा खेळ असेल, आणि एक दिवस ती स्वतःला ओळखेल. फ्रॉक राहणार नाही, चेहरा बदलेल, पण शिवण जाणार नाही. म्हणून प्रत्येक चित्रात त्यांनी ती थोडी जास्त ठळक केली. खेळात हरवल्याचा मजकूर घालायला तेव्हाच्या मालकांनी साफ नकार दिला होता. आम्हाला खेळ विकायचाय, म्हणाले. तेव्हा राहिली ती फक्त शिवण.

मी त्यानंतर चार वर्षांनी झाले. माझा ओठ सरळ निघाला. बाबांनी माझं चित्र कधी काढलं नाही, आणि याचा मला लहानपणी फार राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण शोधायला मीही शिकले. आजही माणूस समोर आला की माझी नजर आधी त्याच्या ओठांवर जाते. यावरून काही पुरुषांचे गैरसमज झाले आहेत आणि मी ते दूर करत बसलेले नाही.

कार्यालयात यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. चित्रकाराची मुलगी एवढंच माहीत होतं. हळहळणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. ती मान तिरकी करतात आणि मग जेवायला जातात.

तर शेवटच्या गठ्ठ्यात गाळणीबाईंनी कोपऱ्यातल्या मुलीला धरलं.

"मूल एकटं आहे," त्या बैठकीत म्हणाल्या. "सगळीकडे पडझड, आणि त्याच्या तोंडाला जखम. सात वर्षांचं पोर बघणार आणि विचारणार, हिला कुणी मारलं? शिक्का इथेच अडेल."

"जखम नाहीये ती," मी म्हणाले. "शिवलेला ओठ आहे. कितीतरी मुलांना असतो."

"हे तुला माहीत. पडद्यावर ती चिरल्यासारखी दिसते. आणि जसजसा खेळ पुढे जातो तसतशी ती वाढत जाते. बघितलंस का तू? शेवटी शेवटी तर भयंकर दिसते."

मी बघितलं होतं. मी ती चित्रं बघत चालायला शिकले.

"एक तर तोंड साफ करू, नाहीतर मुलगीच काढून टाकू," साहेब म्हणाले. "तशीही ती खेळात काही करत नाही."

"तिला काढलंत तर जुने लोक तुमच्या दारात येऊन बसतील."

"मग तोंड साफ कर. वाद कशाला? बारा लागला तर मी खेळ काढणारच नाही, आत्ताच सांगतो. सात नाही तर काही नाही. बाबांची सही तेवढी आण."

चित्रांचे हक्क बाबांकडे राहिले होते, त्यामुळे प्रत्येक बदलाला त्यांची सही लागायची. पोत्यांची, शालीची, शिट्टीची सही त्यांनी हसत केली होती. मी कागद पिशवीत घातला आणि घरी आले. कुठल्याही बाजूने पाहिलं तरी मी अडकले होते. शिवण ठेवावी तर खेळ निघणार नाही आणि ताई कुणालाच दिसणार नाही. काढावी तर ती लाखो लोकांना दिसेल, पण ती ताई नसेल.

बाबा आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांना आता खिडकीचा उजेड कळतो आणि माणसाचा आकार कळतो, बाकी काही नाही. आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. हळूच, बाबांना ऐकू जाणार नाही असं.

"काढ मग," आई म्हणाली. मान वर न करता.

"आई, ताईची शिवण काढायची म्हणताहेत."

"ऐकलं मी. काढ म्हणते ना."

"आणि मग तिला ओळखायचं कशावरून?"

"इतकी वर्षं कुणी ओळखलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा सही करणार नाहीत."

"करतील. खाटकाच्या दुकानाचा आणखी एक कागद आहे म्हणून सांगते. मी बोट ठेवीन तिथे करतात ते." तिने एक शेंग फोडली, दाणे वाडग्यात पाडले आणि टरफल बाजूला ठेवलं. "उद्या सकाळी घेऊन जा."

आंधळ्या माणसाला फसवून सही घ्यायची, आणि तीही या गोष्टीसाठी! मी आईला नाही नाही ते बोलले. तू कंटाळलीस, म्हणाले. तुला ती नकोच होती, ओठ बघूनच नकोशी झाली असेल, म्हणूनच पायरीवर उभी केलीस. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच ऐकवेना. आई मटार सोलत राहिली. ती रडली असती तर मी माफी मागितली असती. ती रडली नाही, मग मी कागद फाडला आणि तिथून उठले.

दुसऱ्या दिवशी माझे डोळे सुजलेले होते. चहाच्या यंत्रापाशी मला गाठलं ते भोंग्याने. भोंगा म्हणजे आमचा जाहिरातीचा मुख्य. हळू बोलणं त्याला जमत नाही; त्याचं गुपितही तीन खोल्यांत ऐकू जातं. "काय झालं? कुणी काही बोललं?" एवढंच तो म्हणाला, आणि माझा बांध फुटला. आदल्या दिवसाचा राग पोटात होताच. मी पायरीपासून शिवणीपर्यंत सगळं सांगून टाकलं. भोंग्याने हातातला चहा खाली ठेवला. जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला.

"म्हणजे ती खरी आहे? कोपऱ्यातली मुलगी खरी आहे?"

"माझी सख्खी बहीण आहे."

"आणि तू आजपर्यंत मूग गिळून गप्प बसलीस!"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही साहेबांच्या खोलीत होतो. गाळणीबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, परत घातला आणि नियमांचा कागद उघडला. भीती घालायला दाखवलेली जखम चालत नाही, त्या म्हणाल्या, पण हरवलेल्या मुलाची ओळख पटवणारी खूण ही निराळी गोष्ट आहे. सुरुवातीला एक निवेदन घातलं की सातचा शिक्का मिळेल. मीच बोलते शिक्का देणाऱ्यांशी, म्हणाल्या. त्या बाईंबद्दल मी किती वर्षं वाईटसाईट बोलत आले होते, आणि त्यांनी माझ्या ताईची शिवण वाचवली. भोंगा तोवर उभा राहून हातवारे करायला लागला होता. मुलगी कोपऱ्यात नको, खोक्यावर घ्यायची. चेहरा मोठा, शिवण स्पष्ट, खाली दोनच शब्द: "तिला शोधा." साहेब म्हणाले, आजच जाहिरात लावून टाक सगळीकडे.

मी घरी गेले ती अक्षरशः धावत. आधी बाबांना सांगितलं. आईला मुद्दाम नाही सांगितलं. तिने दारातून ऐकावं असं मला वाटत होतं, आणि तिने ऐकलं.

बाबा उठून उभे राहिले. त्यांना उभं राहायला हल्ली हात द्यावा लागतो, त्या दिवशी लागला नाही.

"शिवण नीट दिसते ना? डावीकडे झुकलीय ना?"

"खोक्यावर बोटाएवढी लांब आहे बाबा."

"मी तेव्हाच म्हणत होतो त्यांना. तेव्हाच म्हणत होतो, मजकूर घाला. ऐकलं नाही." त्यांनी गालावरून हात फिरवला. "दाढी वाढलीय का गं? कुणी आलं तर असं नको. अगं, ऐकलंस का? धाकटीने काय केलंय बघ!"

आई दारात नव्हती. बाबांचा चेहरा इतका फुलला होता की मला तिच्या नसण्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

सकाळी कपडे वाळत घालायला आई गच्चीवर गेली, आणि जाताना मला म्हणाली, जरा वर ये. मी बादली घेऊन गेले. तिने एक चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले, आणि चादरीकडे बघतच म्हणाली, "थांबव ते."

"काय थांबवू? काल दुपारीच गेलंय सगळीकडे. आत्तापर्यंत लाखभर लोकांनी बघितलं असेल."

आई पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली.

"मोठी गेली गं," ती म्हणाली. "तेव्हाच गेली."

मला आधी समजलंच नाही. गेली कुठे, असं मी विचारलं. खरंच विचारलं.

मग तिने सांगितलं. ताई हरवल्यावर थोड्या दिवसांनी लांबच्या एका गावाहून निरोप आला होता, तसल्या ओठाची मुलगी बसथांब्यावर दिसली म्हणून. बाबा त्याच पावली तिकडे गेले. ते तिकडे असताना इथल्या चौकीतून बोलावणं आलं. कालव्याला पुढे जाळी असते, वाहून आलेला कचरा अडवायला. तिथे. आई मामाला घेऊन गेली. मामा आत जायला तयार नव्हता, म्हणून आई एकटीच आत गेली.

"पाण्याने काही ठेवलं नव्हतं," आई म्हणाली. "डोळे नव्हते. फ्रॉकचा रंग कळत नव्हता. त्यांनी मला विचारलं, ओळखता का, आणि मी नाही म्हणणार होते. खरंच मला वाटलं, ही कुणा दुसऱ्याची आहे. मग त्या माणसाने तोंडावरचा गाळ पुसला. ओठ तेवढा तसाच होता."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणी ये, ये, म्हणत होता. मला आठवतं, मी चिमटे मोजायला लागले होते.

"मामाने सगळं उरकलं. मी ठरवलं होतं, हे आले की सांगायचं. हे आले. तिकडची ती मुलगी निघाली दुसरीच. पण येताना गाडीत बसून यांनी एक कागद रंगवला होता. पिशवीतून काढून मला दाखवला. म्हणाले, हे बघ, मी तिला खेळात घालतोय, आता ती सापडेल. आणि म्हणाले, भूक लागलीय. मोठी हरवल्यापासून पहिल्यांदा ते असं म्हणाले. मग मी वाढलं."

"आणि नंतर?"

"नंतर उद्या सांगू, परवा सांगू. चौकीत मामाने सांगितलं, घरी बोलू नका, आम्ही सांगतो. राहती जागा बदलली ती मी त्यासाठीच बदलली. तर हे पाववाल्याकडे नवा पत्ता देऊन आले, ती आली तर असावा म्हणून." आईने पदराने नाही, हाताच्या तळव्याने तोंड पुसलं. "घरात चार भिंतींना तीच चित्रं. रोज मी धूळ पुसते ना, मान फिरवून पुसते. तू म्हणालीस ते काढताहेत, तर मला वाटलं, सुटले. निदान एका जागी तरी तिचं तोंड नीट होईल."

मी तिला काय काय बोलले होते ते सगळं माझ्या अंगावर आलं. तरी मी तिच्या जवळ गेले नाही. मला तिचा रागही आला होता, तेवढाच मोठा. शाळेच्या रस्त्यावर, दवाखान्यात, लग्नांत मी परक्या बायकांच्या तोंडाकडे टक लावून बघत मोठी झाले, आणि ही माझा हात धरून शेजारून चालत होती. मला तरी सांगायचंस, मी म्हणाले. तू लहान होतीस, ती म्हणाली. मी आता कुठे लहान आहे, म्हणाले. त्यावर तिने बादलीतला पुढचा कपडा उचलला.

"बाबांना सांगू या," मी म्हणाले.

"आज? त्यांनी दाढी केलीय बघ सकाळी. चाचपडत, स्वतःच्या हाताने. जा, जाऊन सांग तू. तुला जमत असेल तर सांग."

मी खाली गेले. बाबा नवा सदरा घालून दाराकडे तोंड करून बसले होते. मला जमलं नाही.

मी कार्यालयात जाऊन भोंग्याच्या हातापाया पडले. कारण सांगता येत नव्हतं, तेव्हा आईची तब्येत, घरात गर्दी सोसणार नाही, असं काहीबाही सांगितलं. त्याने मला पडद्यावरचा आकडा दाखवला, तो आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता. "आणि अगं, काकांनीच मला सकाळी फोन केला," तो म्हणाला. "स्वतःहून. पत्ता छापा म्हणाले. लोकांना घर सापडायला हवं म्हणाले. काय माणूस आहे!" त्याचे डोळे भरले होते. त्याचा राग करावा म्हटलं तर तोही करता येईना.

खेळ निघाला. सातचा शिक्का बसला. खोक्यावर ताईचं तोंड, ती शिवण माझ्या बोटाएवढी. बसथांब्यावर, दुकानांच्या काचांवर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या फलकावर. आईने भाजी आणायला मागच्या बोळातून जायला सुरुवात केली.

आणि मग बायका यायला लागल्या.

याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. शिवलेल्या ओठाच्या, चाळिशीच्या आसपासच्या, आईबाप ठाऊक नसलेल्या बायका या जगात किती असतील? सुट्टीच्या दिवशी जिन्यात रांग लागायची. एक शाळेत शिकवणारी होती. एक धुलाईच्या दुकानात काम करणारी, तिचे हात गरम पाण्याने सोललेले होते. एक नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन आली, मुलांना नवे कपडे घातले होते. एकीची शिवण उजवीकडे होती. ती म्हणाली, चित्र छापताना उलटं झालं असेल का? त्यांतली कुणीही लबाड नव्हती. लबाड असत्या तर सोपं गेलं असतं.

बाबा प्रत्येकीला समोर बसवायचे आणि अंगठ्याने ओठावरून हात फिरवायचे, हलके, तोंडाच्या कडेपासून नाकापर्यंत. मग त्यांचा चेहरा आईकडे वळायचा.

"काय गं? तीच का?"

"नाही," आई म्हणायची.

पहिल्या काही जणींना ती फार पटकन नाही म्हणाली. एक बाई तशीच उठून, चपला हातात घेऊन जिना उतरली. तेव्हापासून आई वेळ घ्यायला शिकली. चष्मा पुसायची, जवळ जायची, कानामागे बघायची, हात हातात घ्यायची. मग नाही म्हणायची. बाहेर बसलेल्या पुढच्या बाईला बोलवायचं काम माझ्याकडे होतं. बाबांना मी कधी इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. ते दोन वेळा पोटभर जेवत होते आणि रात्री शांत झोपत होते. आई दिवसेंदिवस वाळत चालली होती.

परवा आली ती अनाथाश्रमात वाढलेली. वय बरोबर जुळत होतं. शिवण डावीकडे झुकलेली. रस्त्यावर सापडले असं मला सांगितलंय, ती म्हणाली, कुठल्या ते कुणाला माहीत नाही. आवाज खालचा होता. बाबांचा अंगठा तिच्या ओठावर फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

"हीच आहे," ते म्हणाले. "अगं, हीच आहे. मी काढलीय ही, माझ्या हाताला कळतंय. ये बघू इकडे."

ती बाई बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली. बाबाही रडत होते. मी आईकडे पाहिलं. एक हो, फक्त एक हो म्हण, असं माझ्या मनात आलं. बाबांना मुलगी मिळेल, हिला घर मिळेल, जिन्यातली रांग संपेल. माझी खात्री आहे, आईच्याही मनात तेच होतं. ती पुढे झाली. तिने त्या बाईची हनुवटी उचलली आणि तिच्याकडे बघत राहिली, खूप वेळ. इतका वेळ तिने याआधी कुणालाच दिला नव्हता.

"नाही," आई म्हणाली. "ही नाही."

"नीट बघा ना," ती बाई म्हणाली. "तपासणी करू हवी तर. रक्ताची होते हल्ली. मी काही मागायला नाही आले हो. तुम्ही एवढ्या खात्रीने कसं सांगता?"

आईने तिची हनुवटी सोडली. बाबांनी बाह्यांनी डोळे पुसले, ताठ बसले, आणि चाचपडत आईचा हात शोधून तो आपल्या दोन्ही हातांत धरला.

"तपासणी कशाला?" ते म्हणाले. "आई आहे ती. आईला कळतं."

ती बाई उठली. तिने पाणी मागितलं. आईने हात सोडवून घेतला, आत जाऊन पेला भरून आणला आणि ती पिऊन होईपर्यंत तिच्याजवळ उभी राहिली. बाहेर अजून दोघी बसल्या होत्या. मी दार उघडलं आणि पुढचीला आत बोलावलं.